फक्कीची रेघ

दिवाळी सरली, पहाटे दुसरी गोधडी ओढावीशी वाटायला लागली आणि काल आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर कुणीतरी फक्की मारली. पांढरीशुभ्र गोल रेघ, थेट तारेच्या कुंपणापर्यंत. मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो. रेघ सुरेखच मारली होती, उगाच नाव कशाला ठेवा? पण माझा चहा कडू झाला तो झालाच. बायको आतून म्हणाली, "झालं का सुरू तुमचं? दर हिवाळ्याला काय हो हे!" तिचंही बरोबर आहे. बाकीची माणसं थंडी पडली की स्वेटर काढतात, मी मधुभाऊचं नाव काढतो.

माझी नोकरी ऐकली की आजकालच्या लोकांना हसू येतं. जळगावच्या एका कापडगिरणीनं मला क्रिकेट खेळण्यासाठी ठेवलं होतं. कागदावर हजेरी कारकून. पण कार्तिकापासून शिमग्यापर्यंत दुपारी बाराचा भोंगा झाला की मी सायकलला टांग मारून मैदानावर. आणि तिथंही मी बॅटिंग करणारा नाही, बोलिंग टाकणारा नाही. माझं काम बाउंड्रीवर उभं राहायचं. उंच आलेला चेंडू झेलायचा, खाली आलेला अडवायचा आणि साठ-सत्तर पावलांवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेकायचा. बस. आठ हिवाळे मी हेच केलं, आणि त्या आठ हिवाळ्यांत मी सुखी होतो, हे आज राग बाजूला ठेवून कबूल करायला हवं.

फेकायचा हात मला गोफणीनं दिला. आमचं गाव रावेरकडचं, घरची केळी आणि थोडी ज्वारी. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायची. आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, नियमच होता की दगड पाखराला लागता कामा नये, त्याच्या बाजूनं गेला पाहिजे. त्या नियमानं माझा नेम बसला. गिरणीत लागलो तेव्हा आबा एकदा जळगावला आले, मैदानाच्या कडेला उकिडवे बसून सबंध दुपार त्यांनी सामना पाहिला. जाताना म्हणाले, "भागोत, लोकाईनं मारलेला चेंडू वेचून आनायचा पगार देतात तुले हे? डोकं ठिकानावर आहे ना रे भो यांचं?" मी म्हटलं, "आबा, नेमानं फेकतो ना मी." "हां, ते मी शिकवलं," ते म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत खूश होऊन रावेरच्या गाडीला गेले.

त्या मैदानाचा वास अजून नाकात आहे. पलीकडे कापसाचा जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता. हंगामात तिथं कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. सरकीचा तेलकट वास, बैलांच्या शेणाचा वास आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू. दुपारी ऊन तिरपं झालं की ते तंतू चमकायचे आणि नवा फिल्डर चेंडू सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचा. मी कधी बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, सामना एकतर्फी असला की बघायचो.

गाड्यांना जिनाकडे जायची जवळची वाट मैदानाच्या पूर्वेकडच्या कडेवरून होती. गिरणीवाल्यांनी गाडीवानांशी ठरवून टाकलं होतं की खेळ चालू असताना कुणी गाडी घालायची नाही, जेवणाच्या सुट्टीत खुशाल घालायची. त्यामुळे आम्ही डबे उघडले की चाळीस-पन्नास गाड्या खडखडत कडेवरून जायच्या आणि फक्कीची रेघ पार पुसून टाकायच्या. मग सुपडूआबा, म्हणजे आमचे मैदान राखणारे म्हातारे, घमेलं घेऊन ती बाजू पुन्हा आखायचे. रोजचंच होतं ते. बाहेरगावचे संघ पहिल्यांदा आले की हसायचे, नंतर त्यांनाही सवय व्हायची.

अशी पुसट, धुळीत मारलेली रेघ मधल्या पंचाला काय दिसणार कप्पाळ! म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. पंच बाउंड्रीवरच्या फिल्डरला विचारायचा, आणि तो सांगेल ते अखेरचं. फिल्डरनं "आत" म्हटलं की आत. हात वर केला की चौकार. नंतर जळगाव काय, धुळं काय, भुसावळ काय, सगळीकडे हेच चालायचं. आता तुम्ही म्हणाल, हे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. होत्याच! पुष्कळ जण त्या किल्ल्या वापरतही. मी नाही वापरल्या. त्यात माझा मोठेपणा नाही, आबांच्या हाताखाली वाढलेल्या पोराची जीभच खोट्याला वळत नसे. एकदा भुसावळला शेवटच्या चेंडूवर माझ्या बोटांना लागून चेंडू रेघेवर टेकला. कुणीही बघितलं नव्हतं. मी हात वर केला आणि आम्ही सामना हरलो.

त्या दिवशी संघातले चौघे माझ्याशी बोलले नाहीत. मधुभाऊ मात्र सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "अरे, हा भागवत आहे म्हणून आपल्या संघाला अब्रू आहे. याची जबान म्हणजे पंचाचं बोट." मधुभाऊ आमचे कॅप्टन. विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. गावाकडच्या एका शाळेच्या सामन्यात माझा हात बघून त्यांनीच मला गिरणीत आणलं. माझ्या लग्नात ते वडीलधाऱ्यासारखे पुढं उभे राहिले, गिरणीची चाळीतली खोली मिळवून दिली. सख्खा भाऊ नव्हता मला. होता तो हाच. भुसावळनंतर कुठल्याही गावी गेलो की ते आधी तिथल्या पंचाला हे सांगायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. आता वाटतं, गाय विकायच्या आधी तिला धुऊनपुसून बाजारात फिरवतात, ते हेच.

आता पारसबद्दल सांगतो. पारस धुळ्याचा, कापडाच्या दुकानदाराचा मुलगा. मारवाडी जैन घर, तीन पिढ्या धुळ्यात. घरात ते त्यांची भाषा बोलायचे, पण माझ्याशी पारस अस्सल धुळ्याच्या ठसक्यात बोलायचा. बॅट अशी चालवायचा की मी बाउंड्रीवर असूनही मनात म्हणायचो, मार बाबा, अजून एक मार. आमची दोस्तीही बाउंड्रीवरचीच. त्यांची फिल्डिंग असली की तोही नेमका माझ्याच पूर्वेच्या कडेला उभा असायचा आणि मी रेघेबाहेर बसून त्याच्याशी गप्पा मारायचो. धुळ्याला गेलो की त्याच्या घरून दालबाटी यायची, तुपात बुडवलेली. तो जळगावला आला की आम्ही भरीत करायचो. ते तो खायचा नाही, नुसत्या पुऱ्या खायचा आणि मला चिडवायचा, "तू केळीच्या बागेतला माणूस रे. पडता घड झेलायची सवय आहे तुला. यात कसलं कौशल्य!"

त्या वर्षी शिल्डची अंतिम लढत आमच्या मैदानावर होती, जळगाव विरुद्ध धुळं, दोन दिवसांची. लागोपाठ तीन वर्षं शिल्ड धुळ्यात होती, त्यामुळे गिरणीचे शेठ स्वतः खुर्ची टाकून बसले होते. शिवाय खान्देशचा एकत्र संघ निवडायला बाहेरगावचे दोन गृहस्थ आले होते. पारसनं मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "भागवत, या वर्षी यादीत नाव आलं तर खेळणार. नाही आलं तर गादीवर बसायचं, बॅटला हात लावायचा नाही. बापूजींना शब्द दिलाय." मी म्हटलं, "तुझं नाव नाही येणार तर कुणाचं येणार? खुळा आहेस का!" तो हसला. पण पहिल्या डावात गडी लवकर बाद झाला, चुकून धावबाद. उरला दुसरा डाव.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो खेळायला आला. वीसेक धावा केल्या, अशा केल्या की निवडीचे दोघे खुर्चीत पुढं सरकून बसले. आणि मग त्यानं एक चेंडू उंच उचलला. माझ्याच दिशेनं. मी उलट्या पावलांनी मागं मागं गेलो, डोळा चेंडूवर, डोक्यावरून जातोय असं वाटलं आणि शेवटच्या क्षणी दोन्ही हातांत बसला. आयुष्यातला सगळ्यात सुंदर झेल. मी खाली बघितलं. फक्कीची रेघ माझ्या टाचेच्या मागं वीतभर होती. स्वच्छ, ताजी, पांढरी. पंचानं दुरून विचारलं, "भागवत?" पारस खेळपट्टीच्या मध्यावर थांबून माझ्याकडे बघत होता. मी चेंडू वर धरून ओरडलो, "आत!"

त्यानं एकदा त्या कडेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग बॅट काखेत धरली आणि निघाला. वाद नाही, काही नाही. मला वाईट वाटलं, पण खेळ म्हटला की असंच. आम्ही शिल्ड जिंकली. शेठनी माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधुभाऊंच्या मेव्हण्याच्या मळ्यात भरीत-पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात भाजलेली हिरवी वांगी, लाकडी काठवटीत ठेचताना येणारा तो धूर आणि लसणाचा वास, कळण्याच्या पुऱ्या. आमच्या हिवाळ्यात याहून मोठं सुख नाही. सुपडूआबा माझ्या शेजारी बसले होते, पण घास तोंडात फिरवत होते, गिळत नव्हते. मी विचारलं, "काय आबा, दाढ दुखते का?" तर म्हणाले, "भागोत, तू माले शिव्या देशी. पन सांगाले जोयजे."

"काय झालं?"

"जेवनना टाइमले गाड्या गयात ना, मंग मी रेघ मारी. मधुभाऊनी सांगं, आबा, भागोत उभा ऱ्हास तठे रेघ तीन पावलं मांगे ली जाय. मी ली गऊ. नोकर मानूस शे मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठा लोके तुना शब्दवर इस्वास ठेवतस. म्हनीसन."

माझ्या हातातली पुरी हातातच राहिली. रेघ तीन पावलं मागं नेली! म्हणजे जुन्या रेघेच्या चांगला दोन पावलं बाहेर उभा राहून मी तो झेल घेतला होता. सरळ सरळ षटकार होता तो. आठ वर्षं ज्या कडेला मी उभा राहिलो, तिथली जमीन मी ओळखायला हवी होती. पण माझी नजर चेंडूवर, आणि गाड्यांच्या चाकांनी सगळी धूळ सारखीच करून टाकलेली. मी रेघेवर विश्वास ठेवला. लोकांनी माझ्यावर ठेवला. आणि मधुभाऊनं दोन्हींवर पाय देऊन शिल्ड काढून घेतली.

मी उठलो. मधुभाऊ विहिरीच्या थारोळ्याशी हात धूत होते. मी विचारलं, "रेघ सरकवली तुम्ही?" मला वाटलं होतं, नाही म्हणतील. निदान दचकतील. त्यांनी पंच्याला हात पुसले आणि समजूत घालायच्या आवाजात म्हणाले, "अरे, तू कशाला मनाला लावून घेतोस? तू काय खोटं बोललास? रेघ होती त्याच्या आत होतास, आत म्हणालास. तुझ्या जिभेला डाग नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू 'आत' म्हणाला असतास?"

"नसतो म्हणालो."

"मग!" ते म्हणाले. "तुला जपलं मी, भागवत. उलटा माझ्यावरच चिडतोस?"

तो "मग!" माझ्या कानात अजून आहे. लबाडी करणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पुढं गिरणीत तर पोत्यानं बघितली. त्यांचा राग येतो आणि जातो. पण या माणसानं माझा खरेपणाच हत्यार म्हणून वापरला. इतकी वर्षं पाठीवर हात फिरवला तो या एका दुपारसाठी का, हा विचार मनात शिरला तो शिरलाच. लग्नात पुढं उभे राहिले तेही याच हिशेबानं? खोली दिली तीही? माणूस एकदा असा फसला की मागचं सगळं उलटं करून बघायची खोड लागते. महिन्याभरात मधुभाऊ विणकाम खात्याचे साहेब झाले. मी त्यांना नमस्कार करत राहिलो. रोज फाटकाशी गाठ पडायची, करणार काय?

तिथून माझा खेळ बिघडला. बाहेरून कुणाला कळलं नसेल. पण चेंडू उंच चढला की मी त्याच्याकडे बघायच्या ऐवजी पायाखाली बघायला लागलो. सामन्याआधी कडेची पावलं मोजून ठेवायचो, जेवणानंतर पुन्हा मोजायचो. पोरं हसायची, "भागवतराव सातबारा काढतायत." दोन सोपे झेल सुटले. एक दिवस फेकताना खांद्यात कट्‌कन वाजलं. पुढच्या हंगामात हात खांद्याच्या वर जाईना आणि मी खराखुरा हजेरी कारकून झालो. गिरणीचा भोंगा बाराला व्हायचा आणि मी खुर्चीतच बसून राहायचो.

खान्देशच्या यादीचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, टाळत होतो. ती यादी सामन्यानंतर आठ दिवसांनी आली. पारसचं नाव नव्हतं. माझं होतं. 'उत्कृष्ट झेल' म्हणून. मी नाशिकला जाऊन एक सामना खेळलो. दिवसभर उभा होतो, चेंडू चारदा माझ्याकडे आला. तेवढीच माझी मोठी कारकीर्द.

धुळ्याला मी सात वर्षं गेलो नाही. काम निघालं तरी दुसऱ्याला पाठवायचो. मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला सगळ्यांनी धुळ्यालाच जायचं ठरवलं. बहिणीला कुणीतरी सांगितलं होतं, तिथं अमुक दुकानात शालू चांगले मिळतात. ते पारसचंच दुकान निघालं, पण मी मोडता घातला नाही.

पारस गादीवर बसला होता. अंगानं सुटला होता, कानावर पेन्सिल. मला बघताच उठून उभा राहिला. "अरे भागवत! मेला की काय वाटलं तू!" त्यानं चहा मागवला, बहिणीला "अक्का, या, पंख्याखाली बसा" म्हणाला, थानामागून थान उलगडलं. कापड हातावर टाकायची त्याची ती झोकदार लकब बघून मला त्याचं मनगट आठवलं. बहीण आणि आई पदर बघण्यात रंगल्या. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. इतकी वर्षं दुसऱ्याचं पाप मी का वाहायचं? मी त्याला सगळं सांगितलं. गाड्या, फक्की, तीन पावलं, मधुभाऊ. सांगताना माझा आवाज चढला, मधुभाऊला मी तिथंच दोन शिव्या हासडल्या.

पारस ऐकत होता. हातातलं कापड त्यानं खाली ठेवलं.

"मला वाटलं होतं तसं," तो म्हणाला. "सकाळी त्याच कडेला मी उभा होतो ना. जागा वेगळी दिसली. पण तू आत म्हणालास. म्हटलं, भागवत म्हणतोय म्हणजे माझीच नजर चुकली." तो जरा हसला. "सात वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो रे. आउट झालो, संपलं. बापूजींना शब्द दिला होता, बसलो गादीवर. मन रमलं इथं. म्हणजे मी आउट नव्हतोच?"

"नव्हतास," मी म्हटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मला वाटलं. अगदी मोकळं वाटलं, लाज वाटते सांगायला.

"तुला कधी कळलं हे?"

मी आयुष्यात खोटं बोललो नाही. तेव्हाही नाही बोललो. म्हटलं, "दुसऱ्या दिवशी. दुपारी."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी टांग्यावरून बाचाबाची चालली होती.

"यादी तर आठ दिवसांनी लागली," तो म्हणाला. रागानं नाही, मापाची चूक सापडल्यावर म्हणावं तसं. मग उठला, कानावरची पेन्सिल मुनिमाच्या हातात दिली आणि पडदा सारून आत गेला.

बस्ता मुनिमानं बांधला. भाव चोख लावला, वर बहिणीला एक खण दुकानाकडून दिला. मी गादीच्या कडेला बसून राहिलो, पडद्याकडे बघत. तो आत काही करत असेल, येईल, असं मी दोनदा आईला म्हणालो. आमची एस.टी. चारची होती. पावणेचार झाले तेव्हा बहिणीनं गाठोडं उचललं आणि हळूच म्हणाली, "भाऊ, चाल आता. ते नाही यायचे बाहेर."